न्यानबाईंची चोपन्न माणसं

याद्या करण्यात न्यानबाईंचा हात कुणी धरला नसता. हायफोंग या बंदराच्या शहरात बहात्तर नंबरच्या गल्लीच्या त्या अकरा वर्षं प्रमुख होत्या. कुणाकडे पाहुणा उतरलाय, कुणाच्या पोराला लष्कराचं बोलावणं आलंय, शनिवारी गल्ली झाडायला कोण दांडी मारतं, सगळं त्यांच्या वहीत असायचं. बाई तशी वाईट नव्हती हो. पण वरून कागद आला की खालच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही सवय थर्मासच्या कारखान्यातल्या तीस वर्षांनी त्यांच्या अंगात मुरवली होती.

त्या एप्रिलमध्ये वरून आलेला कागद संसदेच्या निवडणुकीचा होता. आता निवडणूक म्हणजे काय, तर देशात पक्ष एकच, आणि कोण निवडून येणार हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना आधीच ठाऊक. गल्लीला काम एवढंच की मेमधल्या एका रविवारी सकाळी दहाच्या आत सगळी मतं पेटीत पडली पाहिजेत. घरातलं एक माणूस सगळ्यांची कार्डं घेऊन जाई, मतपत्रिकेवरची पाडायला सांगितलेली दोन नावं खोडी, आणि येताना नाश्त्याला पाव घेऊन येई. दर पाच वर्षांनी हे असं सुरळीत पार पडायचं, आणि दहाच्या आत आटोपल्याबद्दल न्यानबाईंना एक प्रशस्तिपत्र मिळायचं.

या खेपेला मात्र क्वेनने माती खाल्ली. गल्लीच्या तोंडाशी खेकड्याच्या रश्श्यातल्या लाल शेवया विकणारी ही शेहेचाळीस वर्षांची बाई, आणि तिनं संसदेसाठी स्वतःचंच नाव दिलं.

कारण म्हणाल तर गटार. समुद्राला मोठी भरती आली की गल्लीतलं गटार उलटं वाहायचं आणि काळं पाणी थेट लोकांच्या पलंगाखाली यायचं. क्वेनने आठ अर्ज केले. आठही वेळा उत्तर आलं की विषय माननीय लोकप्रतिनिधींच्या कानावर घातला जाईल. नवव्या वेळी तिनं विचारलं, हे लोकप्रतिनिधी कोण आणि राहतात कुठे? कचेरीत कुणालाच सांगता येईना. मग तिनं कुणाकडून तरी कायद्याचं पुस्तक आणलं, रश्श्याचं पातेलं उकळेपर्यंत वाचत बसली, आणि तिला सापडलं की एकवीस वर्षांवरच्या कुणालाही उभं राहता येतं, फक्त अर्ज भरावा लागतो. म्हणून तिनं भरला. कायद्यात लिहिलेलं कुणी खरं मानू नये, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर कायद्यातच पुढं असंही होतं की असा आपणहून उभा राहिलेला माणूस आधी त्याच्या शेजाऱ्यांच्या सभेपुढे आणायचा. निम्म्याहून जास्त शेजाऱ्यांनी विश्वास दाखवला तर नाव पुढं जाणार, नाहीतर तिथेच संपलं. वॉर्ड कचेरीतले कॉम्रेड हिएप हे सांगायला न्यानबाईंच्या घरी स्वतः आले. चाळिशीतला गोड बोलणारा माणूस, चहा फुंकून फुंकून पिणारा. बोलता बोलता त्यांनी सांगून टाकलं की चोपन्न जणांना बोलवायचं, ते कोण हे न्यानबाईंनी ठरवायचं, आणि विश्वासाचे हात पंधराच्या वर जाता कामा नयेत. शेवटी उठताना त्यांनी सुनेची चौकशी केली. सून वॉर्डाच्या बालवाडीत चार वर्षं हंगामी होती आणि तिच्या कायम नेमणुकीचा कागद हिएपच्या टेबलावर पडून होता. तो लवकरच वर जाईल, असं ते म्हणाले. म्हणजे कधी, हे न्यानबाईंना बरोबर कळलं.

त्यांनी यादी केली. आता जे झालं त्याचं मूळ या यादीत आहे, म्हणून नीट ऐका. तरुण माणसं त्यांनी घेतलीच नाहीत, त्यांच्या तोंडाला लगाम नसतो. क्वेनकडे रोज नाश्ता करणारी गोदीतली माणसं गाळली. पहिलं नाव स्वतःचं, आणि मग घेतली ती भरवशाची माणसं: पेन्शनर, जुने सैनिक, विधवा, पक्षाची जुनी माणसं. दर सभेला वेळेवर येणारी, हात वर म्हटलं की वर करणारी, आणि जाताना चहाचं पाकीट न विसरता नेणारी. चोपन्नातल्या एकतीस जणांनी सत्तरी ओलांडलेली होती. यादी पाहून हिएप खूश झाले आणि म्हणाले, हे तर लष्कर आहे काकू.

वॉर्डातून पाच भाषणं छापून आली. न्यानबाईंनी ती वाचायलाही उघडली नाहीत, पाच घरी नेऊन दिली. क्वेनच्या गाड्यावरून जाताना त्या छत्री आडवी धरून गेल्या. क्वेनने हाक मारली, काकू, आज पालक ताजा आहे, वाटीभर खाऊन जा. घाई आहे म्हणून त्या सुटल्या. घरी येऊन त्यांनी आरशात पाहिलं आणि स्वतःलाच म्हणाल्या, तू कुणाचा खून केलेला नाहीस. पण त्या दिवशी जेवण काही गेलं नाही.

सभा रविवारी दुपारी तीनला होती. एप्रिलची ती दमट हवा, सभागृहाच्या फरशीला नुसतं पाणी सुटलेलं, म्हाताऱ्यांनी घसरू नये म्हणून न्यानबाईंनी पोती अंथरली होती. चोपन्नच्या चोपन्न माणसं आली. समोर तांबड्या पडद्याखाली हिएप आणि माईक. बाजूला एका प्लास्टिकच्या खुर्चीवर लोकांकडे तोंड करून क्वेनला बसवलं होतं. उमेदवार सगळ्यांना दिसला पाहिजे, असा वॉर्डाचा नियम. तिनं लग्नातला निळा पोशाख घातला होता, तो आता दंडाला घट्ट होत होता. हाताला लसणाचा वास येत असेल म्हणून की काय, तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले होते.

हिएपनी प्रस्ताव मांडला की मतदान हात वर करून व्हावं. मागून एक पेन्शनर मास्तर उठले आणि चिठ्ठ्या टाकूया का, म्हणून विचारू लागले. हिएप हसून म्हणाले, आपण एका गल्लीतली माणसं, आपल्यात लपवाछपवी कशाला? मास्तर बसले. खरी गोष्ट अशी की उघड हात पाहिले की कोण कुठल्या बाजूला आहे हे वॉर्डाला टिपून घेता येतं. ही युक्ती शहरभर चालली होती आणि कुठेही फसली नव्हती.

पहिलं भाषण शिवणकाम करणाऱ्या मिएनबाईंचं. उमेदवार शेजाऱ्यांशी नम्रपणे बोलत नाही, भेटल्यावर विचारपूस करत नाही, असं त्यांनी एका दमात वाचलं. वाचताना त्यांनी कागद तोंडासमोर इतका जवळ धरला होता की पलीकडून फक्त अंबाडा दिसत होता. वाचून झाल्यावर त्या धपकन खाली बसल्या आणि पिशवीत काहीतरी शोधू लागल्या, ते त्यांना सभा संपेपर्यंत सापडलं नाही.

दुसरा थुआन, जहाजावरून निवृत्त झालेला खलाशी, धिप्पाड आणि अघळपघळ. त्यानं खड्या आवाजात सुरुवात केली. "हे गृहस्थ वरचेवर मद्यपान करतात आणि रात्री उशिरापर्यंत कराओके लावून शेजाऱ्यांची झोप मोडतात."

लोक एकमेकांकडे बघू लागले. वॉर्डातल्या कुणा बहाद्दराने दुसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्याच उमेदवाराचा कागद जसाच्या तसा पाठवला होता. क्वेन दारूला शिवत नसे, गृहस्थ तर ती नव्हतीच. आणि कराओके? अख्ख्या गल्लीत ते यंत्र एकाच घरात होतं, आणि ते घर थुआनचं. हे सगळं त्याच्याही डोक्यात हळूहळू शिरताना लोकांना दिसलं. मागच्या रांगेतल्या एका आजींनी फिस्स करून हसू सोडलं आणि मग पदर नसल्यामुळे हातपंख्यात तोंड लपवलं. थुआन म्हणाला, "हे माझ्याबद्दल आहे का?" आणि मग अख्खी सभा हसली. क्वेनसुद्धा. हिएपनी टेबलावर पेन आपटलं आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढचं नाव तोआन आजोबांचं होतं. वय एकोणऐंशी, दोन युद्धं लढलेला माणूस, छातीवर पदकांची रांग. न्यानबाईंनी त्यांना मुद्दाम निवडलं होतं. आजोबांनी उभ्या जन्मात हुकूम मोडला नव्हता. ते उठले, चष्मा लावला आणि एकेक शब्द सुटा सुटा करत वाचू लागले.

"उमेदवार, शेजाऱ्यांच्या, सुखदुःखात, सहभागी होत नाही. कुणाच्या अंत्यविधीला, जात नाही."

आणि ते थांबले. कागद पाहत राहिले. हिएप म्हणाले, पुढं वाचा आजोबा. आजोबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं.

"मला दिलेलं मी वाचलं," ते म्हणाले. "हुकूम पुरा झाला. आता जे झालं ते सांगतो. गेल्या आश्विनात माझी बायको गेली तेव्हा भरती होती. घरात गुडघाभर गटाराचं पाणी. शवपेटी दोन बाकांवर ठेवली होती, बाकही डगमगायला लागले. माझी पोरं दक्षिणेत, त्यांना पोचायला दुसरा दिवस लागणार होता. या पोरीनं रात्रभर त्या पाण्यात उभं राहून पेटीचं एक टोक खांद्यावर धरलं. दुसरं टोक मी धरलं होतं. पहाटे मला ताप भरला तेव्हा तिनं नवऱ्याला बोलावून माझं टोक त्याच्या खांद्यावर दिलं, पण स्वतःचं सोडलं नाही. माझी म्हातारी कोरडी गेली ती हिच्यामुळे. आता मी इथं उभा राहून म्हणू की ही कुणाच्या मयताला जात नाही? मेल्यावर मी बायकोला तोंड काय दाखवू?"

मग आजोबा वळले आणि न्यानबाईंकडे पाहत त्यांनी विचारलं, "हा कागद मला तू आणून दिलास ना गं?"

न्यानबाईंना वाटलं, ती ओली फरशी आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्यांनी समोरच्या रांगांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काय यादी केली होती त्यांनी! म्हातारी, एकटी, पोरं परगावी असलेली माणसं शोधून शोधून घेतली होती. आणि गल्लीत म्हातारं माणूस आजारी पडलं की पहिली वाटी पेज कुणाकडून येते? मयत झालं की तीन दिवस चूल कोण सांभाळतं? तिसऱ्या रांगेतल्या आंधळ्या फुओंग आजींना दवाखान्यात कोण नेतं? गोदीतली तरुण माणसं क्वेनला ओळखत होती ती फक्त शेवयांपुरती. ही चोपन्न माणसं तिला जन्माची ओळखत होती. न्यानबाईंनी आपल्या हातांनी, वहीत रेघा मारून, हिएपच्या पायावर धोंडा पाडला होता.

त्यांना स्वतःचा नवरा आठवला. सहा वर्षांपूर्वी गेला तेव्हा कोण आलं होतं, हेही आठवलं.

हिएप मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी उरलेली दोन भाषणं रद्द केली, वेळ कमी असल्याचं सांगितलं आणि सरळ हात मागितले. आधी विरोधाचे. उमेदवारावर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी हात वर करावेत, असं म्हणून ते पेन सरसावून रांगांवरून नजर फिरवू लागले. पण क्वेनही समोरच बसली होती. वॉर्डाने तिला सगळ्यांसमोर बसवलं होतं आणि वॉर्ड हे विसरला होता की मग तिलाही सगळे दिसणार. ती कुणाकडे रागानं बघत नव्हती, नुसती बघत होती. आता साहेब काय, तीन वर्षांनी बदलतो. शेजारीण मरेपर्यंत बदलत नाही, आणि मेल्यावर पेटीला खांदा तिचाच लागतो. मिएनबाईंचा हात अर्धा वर गेला, तिथे घुटमळला, अंबाड्यातली पिन सारखी करून खाली आला. सगळे मिळून चार हात वर झाले. त्यातले दोघे यादीतल्या जुन्या पक्षवाल्यांपैकी, हिएपबरोबरच मोटारीतून आलेले होते.

"आता विश्वासाचे," हिएप म्हणाले.

पहिला हात तोआन आजोबांचा. मग फुओंग आजींचा, त्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी शेजारणीला विचारलं, मी एकटीच का गं? शेजारीण म्हणाली, नाही आजी, मी पण आहे. मग मास्तरांचा. मग थुआनचा, झेंड्याच्या काठीसारखा ताठ. मग पुढे कोण आणि मागे कोण हे सांगता येईना. सुरकुतलेले, थरथरणारे, एक बोट तुटलेला, एक पंख्यासकट. मिएनबाईंनी हात वर केला आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले. क्वेनने मात्र मान खाली घातली. आता तिला वर बघवेना.

मोजायचं काम गल्लीच्या प्रमुखाचं. न्यानबाई रांगांमधून पोत्यांवर पाय ठेवत फिरल्या, ओठ हलवत, एकेक डोकं पाहत. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. पुढं आल्या तेव्हा हिएप माईकवर हात दाबून खालच्या आवाजात म्हणाले, "बावीस म्हणा काकू. बावीस पुरे. सुनेचा विचार करा."

न्यानबाईंनी सुनेचा विचार केला. गरीब पोर, चार वर्षं दुसऱ्यांची लेकरं सांभाळतेय. मग त्यांच्या मनात आलं की बावीस म्हटलं तर संध्याकाळी भाजीला बाहेर पडायचं कोणत्या तोंडानं? आणि पुढं कधी आपण बाकावर निजलो तर सून एकटी ती पेटी उचलणार आहे का? कारखान्यातली तीस वर्षं आणि गल्लीतली अकरा, एकेचाळीस वर्षांत त्यांनी वरून आलेला आकडा कधी बदलला नव्हता. त्यांनी हिएपच्या हाताखालून माईक काढून घेतला.

"विश्वासाची मतं," त्या म्हणाल्या, "सत्तेचाळीस."

"चूक आहे," हिएप ओरडले. माईक चालूच होता. "मी मोजलेत, शेहेचाळीस आहेत."

"शेहेचाळीस बरोबर आहेत कॉम्रेड," न्यानबाई म्हणाल्या. "माझा राहिला होता." आणि त्यांनी हात वर केला.

हिएपच्या तोंडातून गेलेला आकडा आता छपराखालच्या प्रत्येकानं ऐकला होता. बावीस कुठला आणि पंधरा कुठला, साहेबांनी स्वतः माईकवरून शेहेचाळीस मोजून दिले होते. मागून थुआन म्हणाला की साहेबांचा हिशेब पक्का आहे बुवा, आणि सभागृहात जो हशा उसळला त्याला तोड नव्हती. म्हातारी माणसं खोकेपर्यंत हसली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. मिएनबाई उठून क्वेनच्या खुर्चीपाशी गेल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि तिच्या पोशाखाची बाही नीट करत राहिल्या. दंडाला उसवलंय, उद्या घेऊन ये, एवढंच म्हणाल्या.

हिएप घाम पुसत म्हणाले की सभा संपली, इतिवृत्त आपण सावकाश कचेरीत लिहू, चहाची पाकिटं दाराशी आहेत. एरवी पाकीट म्हटलं की ही माणसं अशी उठतात की दारात चेंगराचेंगरी होते. आज एकही उठलं नाही. तोआन आजोबांनी काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरली आणि म्हणाले, लिहा की इथेच, आम्हाला कुठं जायचंय. फुओंग आजी म्हणाल्या, मोठ्यानं वाचा म्हणजे मलाही कळेल. यादीतली माणसं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेरून क्वेनच्या गाड्यावरची गिऱ्हाइकं, गोदीतली पोरं, खिडक्यांना येऊन लटकली.

तर हिएपना तिथेच लिहावं लागलं. उपस्थित चोपन्न, बाजूने सत्तेचाळीस, विरोधात चार, तटस्थ तीन. न्यानबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. मग सही केली. मग पेन हिएपपुढे धरलं आणि ते सही करेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

सही झाल्यावर हिएप कागद पिशवीत घालत न्यानबाईंच्या कानाशी वाकले. आता त्यांच्या आवाजात गोडवा उरला नव्हता.

"उगाच स्वतःचं वाटोळं करून घेतलंत काकू. वर अजून एक बैठक आहे. तिथे तिचं नाव कापणारच."

"कापा," न्यानबाई म्हणाल्या. इतकं मोकळं त्यांना कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. "पण आता ते तुम्हाला तुमच्या हातानं कापावं लागेल. आम्ही नाही कापून दिलं."